सर्व्हर डाऊन नाही, मशीन तापलंय

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

एप्रिल ते जून या दिवसांत आपल्या तालुक्यात हे वाक्य जितक्या वेळा कानावर पडतं, तितक्या वेळा कुणी कुणाला रामरामही घालत नसेल. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, रहिवासी, सातबारा, अकरावीचा अर्ज. सगळी गर्दी नेमकी याच दिवसांत, आणि वरून ४४ अंशाचं ऊन.

सर्व्हर कधी कधी खरंच डाऊन असतो, हे आधीच सांगून टाकतो. २०२५ला अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाले तेव्हा सुरुवातीलाच संकेतस्थळ बसलं होतं, हे पालक विसरलेले नाहीत. ते खापर वर बसलेल्यांच्या डोक्यावर. पण गेले तीन आठवडे मी वेगवेगळ्या गावांत दाखल्यांच्या केंद्रांवर दुपारी जाऊन बसतोय. ऑपरेटर "सर्व्हर डाऊन" म्हणाला की मी खिशातला मोबाईल काढतो आणि तेच संकेतस्थळ उघडून बघतो. मोबाईलवर झटक्यात उघडलं तर सर्व्हर जिवंत आहे. मग दुखणं मुंबईला नाही, समोरच्या टेबलाखाली आहे.

आणि मंडळी, बऱ्याच वेळा ते टेबलाखालीच निघालं.

एक उदाहरण सांगतो. गावाचं नाव घेत नाही, कारण दोष त्या पोराचा नाही. टिनाच्या छपराची खोली, दुपारचे अडीच. एक मावशी आणि त्यांची बारावी झालेली मुलगी सकाळी अकरापासून बसलेल्या. शेजारच्या गावाहून ऑटोने आलेल्या, मावशींचा त्या दिवसाचा रोज बुडालेला. फॉर्म अर्धा भरला की कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा, माऊस अडकायचा आणि एकदम स्क्रीन काळी. लाईट चालू, वरचा पंखा चालू, फक्त कॉम्प्युटर बंद. पुन्हा सुरू, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर ऑपरेटर म्हणाला, "थंडं होऊ द्या मावशी, मंग पाहू." आणि दारातल्या बाकीच्यांना त्याने जाहीर केलं, सर्व्हर डाऊन आहे.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, हे मशीन असं कधीपासून करतंय?" म्हणाला, "भाऊ, दिवाळीत अपग्रेड केलं ना, हिवाळाभर एक नंबर चाललं. होळी झाली अन् सुरू झालं."

या एका वाक्यात सगळं निदान आहे. पण ते समजून घ्यायला थोडं तांत्रिक बोलावं लागेल. कंटाळू नका, शेवटी हा आपल्याच पैशाचा आणि वेळेचा हिशेब आहे.

आपल्याकडच्या केंद्रांत, शाळांत, छोट्या कार्यालयांत जे डेस्कटॉप दिसतात त्यातले बरेच २०११ ते २०१३ च्या पिढीचे. इंटेलचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर, त्याखाली एच-६१ नावाचा स्वस्त आणि चिवट मदरबोर्ड. अशा मशीनमध्ये साधारण कोअर आय-३ २१०० असायचा. तो स्लो झाला की रिपेअरिंगवाला सांगतो, "नवीन कशाला घेता, याच बोर्डावर आय-७ बसतो." खोटं नाही. कोअर आय-७ २६०० त्याच सॉकेटचा, सेकंडहँड बाजारात आता स्वस्तात मिळतो. दोनाचे चार कोअर होतात, मशीन पळायला लागतं. सगळे खूश.

फक्त एक आकडा कुणी सांगत नाही. तो आय-३ होता ६५ वॅटचा आणि हा आय-७ आहे ९५ वॅटचा. हा वॅटचा आकडा कंपनी यासाठी देते की निदान एवढी उष्णता बाहेर काढेल असा कूलर त्यावर बसवा. चाळिशीतल्या लोकांना पिवळे बल्ब आठवत असतील. ६० च्या बल्बला हात लावणं आणि १०० च्या बल्बला लावणं यात काय फरक असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि इथे ही सगळी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून बाहेर पडायची असते.

आता प्रोसेसर बदलला, पण त्यावरचा कूलर? तोच जुना. ६५ वॅटवाल्यासोबत आलेला कूलर बुटका, संपूर्ण ॲल्युमिनियमचा. ९५ वॅटवाल्यासोबत कंपनी जास्त उंच, मध्यभागी तांब्याचा गोल ठोकळा असलेला कूलर द्यायची, कारण तांबं उष्णता लवकर ओढतं. सेकंडहँड प्रोसेसर कागदात गुंडाळून येतो, त्याचा कूलर येत नाही. मग जुनाच कूलर परत दाबून बसवतात. त्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात, त्या दहा-बारा वर्षांत कडक झालेल्या. तीन बसतात, चौथी बसल्यासारखी वाटते. कूलर एका बाजूने केसभर उचललेला राहतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये जी राखाडी पेस्ट लागते, ती दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म फटी भरायला असते, कारण फटीत हवा राहिली तर उष्णता पुढे जात नाही. ही जुनी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली असते. ती खरवडून नवीन लावायला दहा मिनिटं लागतात. घाईत काही जण जुन्यावरच नवीन फासतात, काही जण लावतच नाहीत. टूथपेस्ट लावलेलं मशीनही मी या डोळ्यांनी पाहिलंय. काही दिवस चालतं, मग वाळतं. एकंदरीत ग्राहकाला पेस्टऐवजी चुना लागतो.

असं मशीन डिसेंबरात चालतं आणि एप्रिलात का पडतं?

याचं गणित पाचवीच्या पोरालाही कळेल. प्रोसेसरवरचा पंखा म्हणजे एसी नाही. तो खोलीतलीच हवा प्रोसेसरवर फिरवतो. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याच्या कामाची उष्णता. समजा पूर्ण काम करताना एखादं मशीन खोलीपेक्षा ५५ अंशांनी जास्त तापतं. जानेवारीत खोलीत २२ अंश आहेत, तर ७७. काही हरकत नाही. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ४३ आहेत, तर ९८. आणि या पिढीच्या प्रोसेसरची सहनशक्ती शंभराच्या आसपास संपते.

तिथे पोहोचला की तो आधी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मशीन चालू दिसतं पण गोगलगाय होतं. आपल्याला वाटतं नेट स्लो आहे, ऑपरेटरला वाटतं सर्व्हर स्लो आहे. त्यानेही भागलं नाही तर कसलीही सूचना न देता मशीन थेट बंद. जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे, बिघाड नव्हे. पण अर्धा भरलेला फॉर्म गेला तो गेलाच.

यूट्यूबवर व्हिडिओ बघून अपग्रेड करणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे. तो व्हिडिओ करणारा बसलेला असतो २०-२२ अंशाच्या खोलीत. "माझ्याकडे ६५च्या वर जात नाही" हे त्याचं खरं आहे, तिथलं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशाच्या बातम्यांत येतात ती काय उगाच? आपल्या भागात त्या आकड्यात सरळ वीस मिळवायचे आणि मग बोलायचं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझ्या कार्यालयातल्या मशीनचं अगदी हेच झालं. ज्या दुकानदाराने प्रोसेसर बदलून दिला त्याने जुनाच कूलर ठेवला, आणि "उन्हाळ्यात थोडं होतं तसं" म्हणून हात झटकले. मी एक फुकटचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि वहीत आकडे लिहायला घेतले. खोलीत ३८ अंश. नुसतं चालू ठेवलं तर प्रोसेसर ६० च्या वर. व्हिडिओची बातमी कापायला घेतली की दोन मिनिटांत ९७-९८ आणि वेग अर्ध्यावर. मग दुसऱ्या एका मेकॅनिककडून तांब्याच्या पोटाचा जुना कूलर घेतला, कापसाने वाळकी पेस्ट पुसून काढली, वाटाण्याएवढी नवीन पेस्ट, आणि चारही खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबून मागून बघितल्या. त्याच खोलीत, त्याच ३८ अंशांत, तेच काम. ७८ च्या वर गेला नाही. वीस अंश कमी! खर्च पेस्टची ट्यूब आणि कूलर मिळून हजार रुपयांच्या आत.

आकडे बघायला लागलात तर एक काळजी घ्या, उगाच घाबरू नका. काम करताना ७०-८० दिसलं तर आपल्या उन्हाळ्यात ते ठीक आहे. माणसाला ३७ असतात म्हणून मशीनलाही ७० म्हणजे ताप, असं नसतं. काम नसताना ६० च्या वर राहत असेल आणि खोली तितकी गरम नसेल, किंवा काम सुरू करताच दहा सेकंदांत ९० ला उडी मारत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही असं समजा. ती उडी फार बोलकी असते. धुळीने तापणारं मशीन हळूहळू चढतं, न टेकलेल्या कूलरचं एकदम चढतं. आणि काही सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या ओळीत १२७ अंश असा आकडा दिसतो. मदरबोर्डवर नसलेल्या सेन्सरचा तो आकडा आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. माझ्या एका मित्राने तो बघून रात्री मेन स्विच पाडला होता.

आता धूळ. आपल्या भागात तिला वेगळंच रूप आहे. जिनिंगच्या रस्त्यावर एक शाळा आहे. तिथल्या संगणक कक्षातली मशीन कपाटासारख्या लाकडी टेबलांत बसवलेली, मागे भिंत, पुढे दार, वर फुलाफुलाचं कव्हर. (हे कव्हर चालू मशीनवर घालणारे लोक ज्येष्ठात गोधडी घेऊन झोपत असतील का, हा मला पडलेला प्रश्न.) परवानगी घेऊन मेकॅनिकसोबत चार मशीन उघडली. कूलरच्या पात्यांमध्ये धूळ नव्हती, कापसाची गादी होती. हंगामात हवेत उडणारा तंतू पंख्याने ओढून ओढून तिथे बसलेला, वरून धूळ, दाबून दाबून नमद्यासारखा झालेला. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांतला भुसाही त्यातच. त्या गादीतून हवा जाणार कुठून? एका मशीनची गादी चिमट्याने अख्खी निघाली, कूलरच्या आकाराची. शिक्षकांनी तिचा फोटो काढला.

चारपैकी तीन मशीन साफ करून, पेस्ट लावून त्याच दुपारी सुरू झाली. चौथ्याचा मदरबोर्ड खरंच गेलेला होता.

ही चारही मशीन निर्लेखनाच्या यादीत होती. म्हणजे जडवस्तू नोंदवहीतून नाव कमी करून भंगारात. यादीत कारण काय लिहिलंय? "कालबाह्य व नादुरुस्त." कोणी उघडून बघितलं होतं? कुणीच नाही.

इथे मला खरं बोलायचं आहे ते सुरू होतं.

गेल्या वर्षी, १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद केली. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे वर सांगितलेली सगळी जुनी मशीन त्या दाराबाहेर. हे दार उघडं ठेवायला पाहिजे होतं, असं माझं मत. पण ते मायक्रोसॉफ्टच्या दारात जाऊन सांगण्याइतकी माझी पोहोच नाही. आपल्या दारातलं बोलू. तेव्हापासून प्रत्येक कार्यालयात एकच सूर आहे, जुनं काढा, नवीन घ्या. ज्या मशीनवर नागरिकांची माहिती, बायोमेट्रिक, डिजिटल सही चालते ते मशीन सुरक्षा अपडेटशिवाय ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. तिथे नवीन घ्या. पण शाळेतल्या पोरांना टायपिंग, चित्रं, हिशेबाचे तक्ते शिकवायला, वाचनालयातल्या अभ्यासिकेत प्रश्नपत्रिका वाचायला तीच मशीन लिनक्स टाकून अजून चार-पाच वर्षं चालतील. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मोफत प्रणालीवर शिकवतात, तिथली पोरं काही मागे पडली नाहीत.

आणि नवीन घेतलं तर काय होईल? तेच टिनाचं छप्पर, तीच जिनिंग, तेच लाकडी कपाट, तेच कव्हर. नवीन मशीनलाही उष्णता लागते आणि धूळ त्यालाही सोडत नाही. चार उन्हाळ्यांनी तेही "कालबाह्य व नादुरुस्त".

मी एका कार्यालयात विचारलं, गेल्या तीन वर्षांत संगणक दुरुस्ती-देखभालीवर किती खर्च झाला? बाबूंनी प्रामाणिक उत्तर दिलं, ते आवडलं. म्हणाले, "साहेब, खरेदीला हेड आहे, साफसफाईला नाही. देखभालीचा करार पहिली काही वर्षं असतो, तो संपला की आम्ही अन् मशीन." खरेदीला फीत असते, फोटो असतो, बातमी असते. ती बातमी आम्हीच छापतो. पेस्ट बदलल्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

दुसऱ्या बाजूला तो ऑपरेटर. संगणक परिचालकांची मानधनाची आंदोलनं आपण किती वेळा पाहिली, मी स्वतः किती वेळा लिहिली. महिनोन्‌महिने मानधन लांबलेला पोरगा स्वतःच्या खिशातून सेकंडहँड प्रोसेसर टाकतो, कारण मशीन स्लो असलं की शिव्या त्यालाच. त्याला कूलरचं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी आणखी सात-आठशे कुठून आणले असते? म्हणून तो "सर्व्हर डाऊन" म्हणतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. "माझं मशीन तापतंय" म्हणालं तर लोक म्हणणार, मग दुरुस्त कर की. सर्व्हर लांब असतो, त्याला कुणी भांडत नाही.

पण मावशींचा रोज बुडतो तो बुडतोच. सेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळणं हा आपला हक्क आहे. फक्त ते दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. अर्जच दाखल होऊ दिला नाही, म्हणजे मशीनने होऊ दिला नाही, तर उशीर कागदावर दिसतच नाही. तीन वेळा हेलपाटे घालणारा माणूस कुठल्याच अहवालात नसतो.

मग करायचं काय? मला मोठी योजना सांगायची नाही.

पहिलं, अपग्रेडच्या नावाखाली काय घ्यायचं ते उलटं चाललंय. दाखल्याचे फॉर्म भरायला आय-७ लागत नाही. लागते ती एसएसडी आणि ८ जीबी रॅम. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकली की तोच आय-३ पळतो, आणि तापमानात फारसा फरकही पडत नाही. प्रोसेसर सगळ्यात शेवटी. बदलायचाच असेल तर त्याच्या वॅटचा कूलर सोबत आणि पेस्ट नवीन, नाहीतर करू नका. स्वस्त एच-६१ बोर्डांवर प्रोसेसरच्या शेजारचे वीज सांभाळणारे भाग उघडेच असतात, जास्त वॅटचा ताण त्यांच्यावरही येतो, हेही दुकानदाराला विचारा. "काही होत नाही" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

ज्यांनी आय-७ आधीच टाकलाय त्यांच्यासाठी एक फुकटचा उपाय. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आहे, त्यात मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के असतं. ते ९९ करा. एक टक्का कमी केल्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने टर्बो बंद होतो, म्हणजे जोर लावून ठरलेल्या वेगाच्या वर पळणं थांबतं. आय-७ २६०० चा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ आहे, फॉर्म भरायला तो रग्गड झाला. तापमान काही अंशांनी खाली येतं. त्या केंद्रावरच्या पोराला हे तिथेच करून दिलं. नीट कूलर बसेपर्यंत दुपार निघाली तरी पुष्कळ.

कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. अडीनडीला करा, पण झाकण काढून ठेवलं की धूळ, तंतू आणि पालीही आत. गवताच्या ताट्यांचा कूलर मशीनच्या तोंडावर सरळ सोडू नका. खोली थंड करायला तो छान, पण ती दमट हवा आत गेली की धूळ चिकटून बसते. साफ करताना वायर काढा, पंख्याची पाती बोटाने धरा आणि मग ब्लोअर मारा, मोकळा पंखा भरधाव फिरला की बेअरिंग जातं. आणि कृपा करून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका, त्या हवेसोबत पाणी आणि तेल येतं. लाकडी कपाटाचं दार काढून टाका आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. याला तर एक रुपयाही लागत नाही.

दुसरं, प्रशासनाला. आपल्याकडे आयटीआय आहे. अनेक आयटीआयत संगणक दुरुस्ती-देखभालीचे अभ्यासक्रम चालतात. पोरांना हात बसवायला जुनी मशीन मिळत नाहीत, आणि इकडे जुनी मशीन धूळ खात पडलीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन पोरं आणि एक निदेशक, ब्लोअर आणि पेस्टच्या ट्यूबा घेऊन गावोगावच्या केंद्रांत, शाळांत फिरले, तर एका मशीनला अर्धा तास पुरतो. आपण घरचा कूलर काढायच्या आधी ताट्या बदलतो, मोटार भरून घेतो. शेतकरी पेरणीआधी ट्रॅक्टरचं रेडिएटर साफ करतो. सरकारी कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? प्रत्येक मशीनवर एक चिठ्ठी चिकटवा: साफ केल्याची तारीख, तेव्हाचं खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान. पुढच्या वर्षी त्याच चिठ्ठीखाली दुसरी ओळ. आणि निर्लेखनाच्या यादीत नाव घालण्याआधी मशीन उघडून बघितल्याची कुणाची तरी सही.

यावर मला एका अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, "अहो, त्यापेक्षा सगळीकडे एसीच बसवून देऊ." जरूर द्या. पण ज्या खोल्यांत दिवसाला चार वेळा लाईट जाते, तिथे एसीचं बिल कोणत्या हेडमधून भरणार, हे सुद्धा त्याच फोनवर सांगायला पाहिजे होतं. आणि पेस्ट वाळलेली, कूलर एका कोपऱ्याने उचललेला असेल तर २४ अंशांतही ते मशीन काम करताना ८० च्या घरात जाणारच.

राहिलं भंगार. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार ही मशीन नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवीत. आपल्या गावात ती हातगाडीवर किलोने जातात, तारा जाळून तांबं काढतात, त्याचा धूर नाल्याकाठच्या वस्तीत जातो. ज्यांना त्या मशीनचा कधी उपयोग झाला नाही, त्यांच्याच नाकात. यावर वेगळं लिहीन, तो विषय मोठा आहे.

त्या शाळेची राहिलेली मशीन अजून यादीतच आहेत. निर्लेखनाआधी ती तपासून घ्यावीत आणि तालुक्यातल्या केंद्रांची मशीन जूनची गर्दी सुरू होण्याआधी साफ व्हावीत, असा दोन पानी अर्ज मी सोमवारी दिलाय. सोबत माझ्या वहीतल्या आकड्यांची आणि त्या कापसाच्या गादीच्या फोटोची प्रत जोडली आहे. आवक क्रमांक घेतलाय. तुमच्या गावातल्या केंद्रात किंवा शाळेत असं दुपारी बंद पडणारं मशीन असेल तर गावाचं नाव आणि बंद पडण्याची वेळ एवढंच मला इनबॉक्सला पाठवा, ऑपरेटरचं नाव नको. यादी झाली की अर्जाला जोडतो, आणि उत्तर आलं की इथेच टाकतो.